डाव्या अंगाची बत्ती

नाही नाही, वरच्या टोपणाला हात लावू नका, महिपतकाका — आत्ताच विझवलीय ती, हाताची कातडी सोलून निघेल. त्या खोक्यावर बसा. बाबा नाहीत, मांडवी बंदरावर गेलेत, मुंबईच्या बोटीनं काचांची पेटी यायचीय. येतील इतक्यात. काय? सकाळीच भेट झाली त्यांची? सगळं ठरलंय? मग प्रश्नच मिटला. आमच्याकडे ठरवायचं काम बाबांचं, पंप मारायचं काम माझं. एक गॅसबत्ती, उद्या सकाळी, सोमजाईच्या देवळात. देतो की. ही न्या, ही जर्मन आहे — बाकीच्या घोरतात, ही गाते. मॅन्टल नवं बांधून देतो. तुम्ही एकच करायचं, फुलांपासून लांब टांगायची. हार असो, मुंडावळ्या असोत, गणपतीचं मखर असो, बत्ती हातभर लांब. नाहीतर बत्तीकडची फुलं माना टाकतात, आणि मग वरमाय आमच्या नावानं बोटं मोडते. हे माझं ज्ञान नव्हे हो, बाबांचं. 'फुलांजवळ टांगू नका' — मी बोलायला शिकलो त्याच्या आधीपासून ऐकतोय. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत दोनदा बजावतात. तुम्हाला नाही बजावलं? — असो, विसरले असतील. म्हातारे झालेत. बर्नरचं भोक दिसत नाही आता त्यांना, पिन भलतीकडेच खुपसतात. मॅन्टलची गाठ मारताना हात लटपटतो, दोन जाळ्या फाडतात तेव्हा तिसरी लागते. म्हणून तर मी इथं आहे. म्हणजे — म्हणून असं काही नाही. आहे इथं.

पण सकाळी देवळात बत्ती कशाला? लग्न नाही, नमनाचा खेळ नाही — कौल? कौल लावताय? कुणाचा? राहीचा. अस्सं. पोरगी मॅट्रिक झाली, मुंबईला नर्सिंगला घेतायत तिला, पाऊस लागून आगबोट बंद व्हायच्या आत जायला हवं, आणि तुम्ही देवीला विचारणार, पाठवू की नको. वा. सोमजाई कुठल्या इस्पितळात होती हो? कुणाचं गळू कापलंय तिनं, कुणाची नाडी बघितलीय? नाही, चिडू नका, बसा. मॅन्टल बांधायला वेळ लागतो, तेवढं तरी ऐकावं लागेल तुम्हाला. आणि कौल म्हणजे काय ते मला सांगू नका, मी त्यातून गेलोय. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवणार, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवणार, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालणार — 'आई सोमजाय, लेकराच्या मनात हाय तां बरां की वाईट, तूच काय तां सांग.' उजवी आधी पडली, जा. डावी आधी पडली, बस घरी. गाभाऱ्यात दिवसाढवळ्या काळोख, पाकळी कुठली पडली यावरून मागं मानकऱ्यांची डोकी फुटायची वेळ आली होती, म्हणून बत्ती. निवाडा स्वच्छ उजेडात व्हावा म्हणून बत्ती! काय पण स्वच्छ. पाणी सुकलं की पाकळी पडते, काका. यात देवी कुठं आली? ज्या बाजूला गुरवानं पाणी जास्त लावलं ती उशिरा पडते. एवढं शेंबड्या पोराला कळतं. आणि चार पागोटी घातलेली डोकी हात जोडून उभी राहतात, नि एका पाकळीच्या पडण्यावर एका माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे करून टाकतात.

माझं केलं. गेल्या वर्षी. इंटर सायन्स पास झालो, मुंबईला इंजिनियरिंगला नंबर लागला. विजेच्या शाखेत. आमच्या आळीत कुणाचा लागलाय? कुणाचा नाही. बाबा म्हणाले, चांगलं झालं आत्म्या, देवीला विचारू. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? तर म्हणाले, मोठा झालास का? गेलो. बाबांनी दुकानातली सगळ्यात चांगली बत्ती स्वतः खांद्यावर घेतली, हीच, ही जर्मन. खाडी उतरलो, डोंगर चढलो, मला हात लावू दिला नाही — 'देवाचं काम आहे, मीच नेतो.' स्वतः पेटवली, स्वतः टांगली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभा. पान लावून तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात डावी पडली. उजवी तशीच, टवटवीत, जशी काही झाडावरच आहे. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला — आमच्या बाबांनी, ज्यांचा हात माझ्या पाठीवर पडायचा तो फक्त धपाटा घालायला — आणि म्हणाले, 'देवीची इच्छा.' परत येताना बाजारातल्या हॉटेलात नेलं. भजी मागवली, चहा मागवला, वर आणखी भजी मागवली. उभ्या जन्मात त्यांनी मला हॉटेलात नेलं नव्हतं. आणि मी खाल्ली. भजी खाल्ली मी, काका. गरम होती.

मग इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला रशियानं तो तारा सोडला. तुम्ही बघितलात? आम्ही भाट्याच्या वाळूत जाऊन बघितला, पहाटेचा. सगळी रत्नागिरी लोटली होती. सरकत सरकत गेला, आवाज नाही, धूर नाही. लोक काय म्हणाले माहीत आहे? एक म्हातारा म्हणाला, भुताची दिवटी. तुमचा गुरव म्हणाला, असल्या पापी ताऱ्यानं पाऊस पळतो. आमचे फिजिक्सचे सर म्हणाले, परीक्षेला नाही ते. आणि मी घरी येऊन झोपलोच नाही. मला एकच दिसत होतं — तो तारा चमकतोय कशानं? त्याच्यात का बत्ती लावलीय? ऊन पडलंय त्याच्यावर. आपल्याकडे अजून काळोख, आणि त्याच्यावर ऊन. वर ऊन आहे, काका. रात्री आहे, पावसाळ्यात आहे. आपण इथं आषाढात आमसुलं चुलीवर धरून वाळवतो, लाकडं धुमसतात, बायकांचे डोळे फुटायला येतात, आणि त्या ढगांच्या वर लख्ख ऊन नुसतं सांडतंय. अजून वर गेलं, पृथ्वीच्या सावलीच्याही बाहेर, तर रात्र नावाची भानगडच नाही. मोजमाप करणारं कुणी नाही, खोत नाही, सावकार नाही, ऊन आहे. फुकट.

हसा. सगळे हसले. पण आधी ऐका. अमेरिकेनं यंदा मार्चात एक गोळा सोडलाय वर, सोललेल्या नारळाएवढा. त्याच्या अंगावर लहान लहान चकत्या बसवल्यात, काचेसारख्या. त्यांच्यावर ऊन पडलं की त्यांतून वीज निघते. त्या विजेवर त्याचा रेडिओ बोलतो. आत्ता, आपण इथं बसलोय तेव्हा, बोलतोय. पेपरात आलंय, मी काही गांजा ओढून सांगत नाही. मग मला सांगा, नारळाएवढ्या गोळ्यावर नारळाएवढी वीज, तर हर्ण्याला बोंबील वाळत घालायला दांड्या उभ्या करतात ना, तशा चौकटी केल्या — मैलमैलभर लांब, सगळ्या त्या चकत्यांनी मढवलेल्या — आणि नेऊन सोडल्या वर, तर किती वीज? मुंबई उजळून उरेल इतकी. खाली आणायची कशी? रेडिओवर मुंबईचा माणूस बातम्या देतो, तो काय तारेवरून चालत येतो का तुमच्या कानात? लाटा येतात. तशाच लाटांवर बसवून वीज खाली सोडायची. आणि झेलायची कुठं? आमच्या सड्यावर! हा कातळ, काका. ज्याच्यावर गवताची काडी चार महिने उगवते आणि आठ महिने जळते, ज्याला कुणी बिनसाऱ्याचासुद्धा घेत नाही — त्या कातळावर तारांची जाळी अंथरायची, जशी कोळी रापणीची जाळी अंथरतात, आणि वरून येईल ती वीज ओढून घ्यायची. रत्नागिरीचा सडा! कोळसा नको, धरण नको. आता घाटावर कोयनेला धरण बांधतायत, वीज म्हणे पोफळीत तयार होणार, आपल्या जिल्ह्यात, चिपळूणच्या उशाला. जाणार कुठं? मुंबईच्या गिरण्यांत. आमची पोरं जातात त्याच वाटेनं. आमच्या डोक्यावरून तारा जाणार, आणि आम्ही खाली बसून भिकाजीची, आमच्या बाबांची, बत्ती भाड्यानं आणणार.

पन्नास वर्षांचं काम आहे, मला ठाऊक आहे. शंभर वर्षांचं असेल. म्हणून काय मनातसुद्धा आणायचं नाही? वर्गात उभा राहून सरांना विचारलं, सर, हे जमेल का? मला वाटलं, माणूस निदान फळ्यावर दोन आकडे मांडेल, म्हणेल इथं चुकतोस. तर खडू खाली ठेवून म्हणाले, 'दोरखंड किती लांब लागेल, आत्माराम? मिरकरवाड्यात कोळ्यांकडे चौकशी केलीस का?' सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. पगार घेतात हो हे लोक. फिजिक्स शिकवण्याचा पगार. त्या दिवशी पुस्तकं तिथंच बाकावर ठेवून आलो. ती आणायलासुद्धा गेलो नाही. बाबांना सांगितलं तर बाबा काय म्हणाले? 'मेल्या, आभाळातली वीज घरावर पडते, घरात येत नाही.' आणि स्वतःच खुश झाले स्वतःच्या बोलण्यावर, दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत होते. कॉलेज सोडलं म्हणून एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्पिरिटची बाटली पुढ्यात ठेवली. एकच माणूस हसला नाही, मिरकरवाड्याचे सुलेमानचाचा, ते मचव्यावरच्या बत्त्या घेऊन आले होते. सगळं ऐकलं, दाढी खाजवली, आणि विचारलं, 'उसमें बर्फ बनेल काय, बेटा?' बनेल म्हटलं. 'मग लवकर कर. बांगडा सडतो, खत करून टाकावा लागतो.' हा प्रश्न! अडाणी माणूस, पण प्रश्न कसा, कामाचा. बाकी तुम्ही सगळे — तुम्हीसुद्धा, काका — तुम्हाला आभाळाकडून काय पाहिजे? पाऊस आणि आशीर्वाद.

हं, झालं मॅन्टल. आता पेटवून दाखवतो, नंतर म्हणू नका फाटकं दिलं. स्पिरिट — पंप — थांबा, जाळी आधी जळू द्या. बघितलंत? होती रेशमाची, झाली राखेची. आणि उजेड देणार ती राखच. — घ्या. ऐका, गाते की नाही? आता हात पुढं करा. काचेला लावायचा नाही, वीतभर लांब धरा. लागतंय ऊन? लागतंय ना? मध्ये तार आहे का? दोरखंड आहे का? काही नाही, नुसती पोकळी, आणि तुमच्या हाताला चटका बसतोय. बत्तीनं दिलं, हातानं घेतलं. सूर्यापासून आपल्यापर्यंत असंच येतं सगळं. एवढंच मी म्हणत होतो, एवढंच! ही बत्ती सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायला हवी होती आणि म्हणायला हवं होतं, सर, हात धरा. आत्ता सुचतंय. हे असं होतं माझं, शहाणपण नेहमी मागच्या बोटीनं येतं. काढा हात, भाजेल.

घेऊन जा. खाली वाकडी धरू नका, मॅन्टल गळेल. देवळात गाभाऱ्यात मूर्तीला लागून दोन खांब आहेत, दोन्हींना खुंट्या आहेत — काय? कुठं टांगायची ते ठाऊक आहे तुम्हाला? कुणी सांगितलं? बाबांनी? काय म्हणाले बाबा? — डाव्या खांबाला. देवीच्या डाव्या हाताला. खुंटी पुढं आलेली आहे तिथली, पाकळी अगदी स्पष्ट दिसते.

असं म्हणाले?

थांबा. थांबा जरा, बसा. नाही, मला काही झालेलं नाही. तुम्ही राहीचं काय म्हणालात बाबांना? सगळं बोललात? घरात तुमची बायको आजारी, राही गेली तर गुरं कोण बघेल, लावणीला कोण उभं राहील — असं बोललात. आणि बाबा म्हणाले, डाव्या खांबाला टांगा. फुलांपासून लांब टांगा असं म्हणाले? नाही म्हणाले. मघाशी मी विचारलं, तेव्हाही तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. तीस वर्षांत ज्या माणसानं एका गिऱ्हाइकाला ते सांगायचं सोडलं नाही — नवऱ्यामुलाच्या मुंडावळ्या कोमेजू नयेत म्हणून जो मांडवात जाऊन बत्ती हातभर सरकवून येतो — तो माणूस तुम्हाला सांगतो, टांगा पाकळीच्या शेजारी.

गेल्या वर्षी बत्ती डावीकडे होती. मला दिसतंय ना, आत्ता दिसतंय. माझी सावली देवीच्या उजव्या अंगाच्या भिंतीवर पडली होती, जोडलेल्या हातांसकट. मी बघत होतो त्या सावलीकडे. बत्ती डावीकडे, पाकळीपासून वीतभर. डावी सुकणार नाही तर काय होणार? देवीनं ढकलली? बत्तीनं ढकलली! वीतभर पोकळीतून, तारेवाचून, दोरखंडावाचून. ज्या गोष्टीसाठी मी वर्गात भांडलो, ज्या गोष्टीवर सगळे हसले, ती गोष्ट आमच्या बाबांना ठाऊक होती. नाव ठाऊक नव्हतं, पण कशी वापरायची ते ठाऊक होतं. पहिल्यांदा कुणावर वापरली? माझ्यावर.

आणि मी — हे कुणाला बोलू नका, काका, शपथ आहे तुम्हाला — मी मानलं होतं. मघाशी एवढी तोंडाची वाफ दवडली ना, पाणी सुकतं, पाकळी पडते, शेंबड्या पोराला कळतं? मला कळत नव्हतं. कळत होतं आणि तरी वर्षभर मी देवळातल्या त्या बाईवर रुसून होतो. नवरात्रात सगळा गाव वर गेला, मी गेलो नाही. का? तर तिनं मला नको म्हटलं. रुसायला आधी मानावं लागतं. रात्री पडल्या पडल्या विचार करायचो, देवीला माझ्यात काय खोट दिसली असेल. बाबा शेजारीच असायचे, जागे. खोकायचे. एकदा विचारलंसुद्धा मी, बाबा, तिनं का नको म्हटलं असेल? म्हणाले, 'आपल्याला काय कळतंय, झोप.' झोप म्हणाले! बर्नरचं भोक दिसत नाही म्हणून, गाठ मारता येत नाही म्हणून — तसं तोंडानं सांगता आलं नाही? आत्म्या, माझे डोळे गेले, जाऊ नको, असं म्हणता आलं नाही? मी राहिलो असतो का, विचारताय? — माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित राहिलो असतो. कदाचित लाथ मारून गेलो असतो. पण ते माझं असतं. जाणं असो, राहणं असो, माझं असतं. तुम्हा म्हाताऱ्यांना विचारायची लाज वाटते, म्हणून देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मारता.

तर आता ऐका. तुम्ही इथून बत्ती घेऊन जाणार, पण आंधळे होऊन नाही जाणार, ते मी होऊ देणार नाही. देवीच्या डाव्या हाताला टांगलीत, डावी पडेल, राही राहील. गुरं बघेल, लावणी लावेल, तुम्हाला भाकरी वाढेल, आणि जन्मभर तिला वाटेल की देवीला आपण नको होतो. उजव्या हाताला टांगलीत, उजवी पडेल, राही बोटीत बसेल, आणि गोठ्यातलं शेण तुम्हाला काढावं लागेल. मधोमध टांगायला खुंटी नाही. बत्तीच नको? मग काळोखात देवी काय बोलली ते गुरव सांगेल तेच खरं, त्याला तुमची पोर देऊन टाका. देवीला काही विचारायचं राहिलेलं नाही, काका. बत्ती तुमच्या हातात आहे. मी सांगणार नाही कुठं टांगा. माझ्या जिभेवर आहे, पण सांगणार नाही. सांगितलं तर माझ्यात आणि —

आले. ते बघा, पेटी स्वतःच डोक्यावर घेऊन येतायत, हमालाचे चार आणे जड झाले. — बाबा, पायरी. पायरी आहे, बाबा! डावा पाय. हां. — काही नाही, महिपतकाका आलेत बत्ती न्यायला. त्यांना मी सांगत होतो कुठं टांगायची ते. डाव्या खांबाला ना, बाबा? माझ्या वेळी टांगली होतीत, तिथंच ना? — पेटी खाली ठेवा आधी, काचा आहेत. ठेवा. वाजतायत काचा. — बघा ना इकडे. दिसत नाही म्हणू नका, एवढी बत्ती पेटलीय.

काय म्हणालात, काका? उजव्या खांबाची खुंटी?

पक्की आहे. तिच्यावर कधी कुणी काही टांगलंच नाही. निघा तुम्ही आता. दुकान बंद झालं.